नमुना क्रमांक चौदा

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, एका पत्र्याच्या शेडमागे
काचेचं एक पोट आहे.
सदतीस अंशांवर ऊबदार, रात्रंदिवस ढवळत राहणारं.
त्याला तोंड नाही, दात नाहीत,
आवडनिवड तर नाहीच.
मी त्याला भरवते
सटाण्याच्या डाळिंबांचा रस, सालीसकट चेचलेला,
अकरा दिवस बरणीत आंबलेला.

आधी आम्ल, दोन तास.
मग पित्त, मग स्वादुपिंडाचा रस, थेंबाथेंबानं.
साखर चटकन आत जाते,
कचेरीत ओळख असलेल्या माणसासारखी.
तुरटपणा बाहेरच्या बाकावर बसून राहतो.
त्याचे रेणू थोराड, अंगापिंडानं मोठे,
आतड्याच्या दारात मावत नाहीत.
मला वाटायचं, झाडानं सालीत एवढं जपून ठेवलेलं
खाल्लं की आपलं झालं.
होत नाही.
पुढे ढकललं जातं खाली, अंधारात,
जिथे हवासुद्धा पोचत नाही,
तिथल्यांच्या स्वाधीन.

तिथल्यांना इथे आणायचं
तर बावीस जणांकडे मागावं लागतं असं काही
ज्याला सभ्य शब्द सापडत नाही.
‘नमुना’ म्हणतो आम्ही, फॉर्मकडे बघत.
रात्रपाळीचे वॉचमन मोतीराम खैरनार
पहाटे डबी घेऊन आले,
कालच्या पेपरात गुंडाळलेली, वर रबरबँड.
प्रसाद द्यावा तशी दोन्ही हातांनी दिली.
"याचं एवढं काय करता हो ताई?"
नऊ नंबर.

चौदा नंबर माझा.
मी, जी रोज सकाळी नागलीची आंबील पिते,
जिच्या फ्रिजमध्ये लिंबाचं लोणचं तिसऱ्या वर्षात आहे,
जी नणंदेला फोनवर सांगते,
पोटातल्या जिवांना उपाशी ठेवू नकोस गं.

अठ्ठेचाळीस तासांनी यंत्रानं रेघ काढली.
नऊ नंबरवाल्यांनी रेणू धरला, कातरला,
एकेक कडी सोडवत नेली,
शेवटी उरलं युरोलिथिन,
चणीनं लहान, दारातून सहज आत जाणारं.
आलेखावर ब्रह्मगिरी उभा.
चौदा नंबर
ओझरच्या धावपट्टीसारखा सपाट.

परत लावला. परत सपाट.
तिसऱ्या वेळी सर चष्मा पुसत म्हणाले,
"असतात अशी माणसं, सुचेता.
ते जंतू काहींत नांदतात, काहींत नाही.
नोंद कर, पुढचा घे."
नोंद केली.
पुढचा घेतला.

घरी जाऊन मात्र डाळिंब सोललं, हट्टानं,
पूर्ण संपवलं.
माझ्याकडे तो पाहुणा येतो,
चपला न काढता ओटीवर टेकतो,
पाणीसुद्धा न घेता उठतो.
दोष कुणाला द्यायचा?
आईला? लहानपणीच्या त्या लांबलेल्या टायफॉइडला,
गुलाबी औषधाच्या बाटल्यांना?
की कुणालाच नाही.

मोतीराम रात्रभर तंबाखू मळतात,
कोऱ्या चहात खारी बुडवतात,
दवाखान्याचं नाव काढलं की हसतात.
त्यांच्या आत कारखाना चालू आहे तिन्ही पाळ्या,
ना संप, ना दिवाळीचा बोनस,
आणि मला ते सांगता येत नाही.
नियम आहे.
नावं कपाटात, कुलपात.
बाहेर फक्त आकडे.

काल सुटताना उशीर झाला.
गेटवर ते खुर्चीत बसून डाळिंब सोलत होते,
दाणे सुटे करत होते जाड बोटांनी,
एकही न फुटू देता.
अर्धं माझ्यापुढे धरलं.
"गावाकडचं आहे, घ्या."
मी दाण्यांआधी मधला पिवळट पापुद्रा चावला.
जीभ सुकली, गाल आत ओढले गेले.
"तो टाकून द्या, तुरट लागतो,"
ते म्हणाले,
आणि स्वतः मात्र तोच
चघळत राहिले.